उतरली

६ जानेवारी, मंगळवार

ही वही फोनसाठी आहे. कारखान्यात एखादा मीटर चुकीचा आकडा दाखवू लागला की आम्ही त्याच्या नावाची वही घालायचो. आकडा लिहायचा, मत लिहायचे नाही. मत शेवटी.

काल सकाळी फोनने नवे सॉफ्टवेअर मागितले. मी 'ठीक' दाबले. पडद्यावर बराच वेळ एक वर्तुळ फिरत राहिले, मग फोन पूर्वीसारखा सुरू झाला. घड्याळाचे आकडे जाड झाले आहेत. बाकी फरक दिसला नाही.

दुपारी अडीचला वाचनालयात गेलो तेव्हा बॅटरी शहाण्णव टक्के. फोन मी वाचनालयात नेत नाही. तसा नियम नाही, पण नेत नाही. सहाला परत आलो तेव्हा बावीस. फोन टेबलावर होता, तिथेच.

नीलिमाला विचारले. ती म्हणाली, "बॅटरीच ती. उतरणारच."

आज पुन्हा तेच. आज एकोणीस.

८ जानेवारी, गुरुवार

उपाय: पडद्याचा उजेड कमी केला. जागा दाखवणारी सोय बंद केली. न लागणारी सहा अ‍ॅप काढली. परिणाम नाही.

संध्याकाळी फोन मागून गरम लागला. कडेला पिवळा डाग होता, हळदीचा. नीलिमा म्हणाली, "पुसताना लागली असेल." ती फोन का पुसत होती, ते विचारले नाही.

हा फोन तीन वर्षांचा आहे. चैत्रालीने आणून दिला होता. चैत्राली आमची मुलगी. अडीच वर्षांपूर्वी ती दोन बॅगा आणि आपली लेक राजसी हिला घेऊन इथे आली. नवऱ्याकडे, अनीशकडे परत जाणार नाही म्हणाली. मी म्हणालो, चार दिवस राहा, मग जा, असे घर सोडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. अनीशकडे नाही गेली. कुठे राहते ते मी विचारलेले नाही. नीलिमानेही सांगितलेले नाही.

ही वही फोनसाठी आहे.

११ जानेवारी, रविवार

वाचनालय बंद. फोन दिवसभर समोर ठेवून पाहिला. सकाळी सत्त्याण्णव, संध्याकाळी शहाऐंशी. म्हणजे जवळजवळ निर्दोष.

यंत्र तेच, खोली तीच, वार वेगळा. मत लिहायचे नाही असे ठरले आहे, तरी लिहितो. रविवारी कंपनीच्या सर्व्हरवर भार कमी असावा. फोन पाठीमागे काही पाठवत असतो, ते रविवारी थांबत असावे.

नीलिमाला समजावून सांगितले. तिने नीट ऐकले. "असेल हो," म्हणाली. "रविवारी सगळ्यांनाच सुट्टी."

१३ जानेवारी, मंगळवार

वाचनालयात पुस्तके देणारी मुलगी म्हणाली, "काका, मी आत्ताच जेवून आली." मी म्हणालो, "आले." ती म्हणाली, "कोण?" मग तिच्या लक्षात आले, हसली. हल्ली इकडच्या सगळ्या मुली असेच बोलतात. मी आली, मी गेली. पूर्वी घरात मी हे रोज दुरुस्त करत असे.

अनंता भेटला. तो इथला जुना, कुळगावचा. त्याच्या भाताच्या शेतावर आता सात मजल्यांच्या तीन इमारती आहेत. तो वाचनालयात फक्त जमिनीच्या जाहिराती वाचतो. त्याला फोनचे सांगितले.

"अपडेट घ्यावाच नाय साहेब," तो म्हणाला. "पोर सासरला गेली का कशी बदलतं? तसाच फोनचा. एकदा अपडेट झाला का आपला नाय राहिला."

मी पेपर उलटला.

"नवा घ्या ना. तुमाला काय कमी हाय?"

"फोनमध्ये दोष नाही," मी म्हणालो. "दोष अपडेटमध्ये आहे."

१५ जानेवारी, गुरुवार

वाचनालयातले दिवे गेले म्हणून चारलाच परत आलो. किल्लीने दार उघडले. नीलिमा स्वयंपाकघरात बोलत होती.

"आता तेल तापलं. आता मोहरी. बघ, मोहरी कशी नाचते. आता हिंग. हिंगाला नाक मुरडायचं नाही."

आत गेलो. ती एकटीच होती. फोन ओट्यावर मसाल्याच्या डब्याला टेकून उभा होता, त्याच्यावर हात पुसायचे फडके पडले होते.

"कुणाशी बोलत होतीस?"

"स्वतःशीच."

"आणि फोन इथे?"

"वेळ बघायला."

स्वयंपाकघरात भिंतीवर घड्याळ आहे. ते मी तिला दाखवले नाही. साठीनंतर माणसे स्वतःशी बोलू लागतात, असे वाचले आहे. काळजीचे कारण नसते.

बॅटरी चारला अडुसष्ट. नंतर मी घरी होतो तर फारशी उतरली नाही. मला समोर पाहून फोन शहाण्यासारखा वागतो.

१७ जानेवारी, शनिवार

जेवताना नीलिमाने विचारले, "कांगारूच्या पोटाच्या पिशवीत पाणी गेलं तर पिल्लाचं काय होतं?"

"हे तुला कशाला हवे?"

"सहज."

एकेचाळीस वर्षांच्या संसारात तिने प्राण्यांविषयी प्रश्न विचारल्याचे आठवत नाही. वाचनालयात जाऊन विश्वकोश काढला. पिशवीच्या तोंडाला स्नायू असतो, कांगारू ते आवळून घेऊ शकते. घरी येऊन सांगितले. तिने दोनदा सांगायला लावले.

बॅटरी सतरा.

२० जानेवारी, मंगळवार

महत्त्वाचा पुरावा.

संध्याकाळी दारातून आत आलो तेव्हाच टेबलावरच्या फोनवर मेसेज आला. पाठवणाऱ्याचे नाव 'शिवण क्लास १'. एकच शब्द: "उतरली."

नीलिमा नोव्हेंबरपासून शिवण शिकायला जायचे म्हणत होती. अजून गेलेली नाही. नंबर मात्र तिने माझ्या फोनमध्ये घालून ठेवले आहेत. तिचा फोन बटणांचा आहे, त्यात मेसेज वाचता येत नाहीत. क्लासचे दोन नंबर आहेत, १ आणि २. धंदा बरा चालत असावा.

तर क्लासच्या बाईंच्या फोनचीही तीच तक्रार आहे. वेळही तीच, पावणेसहाच्या पुढे. म्हणजे दोष एका यंत्रातला नाही. बॅटरी स्त्रीलिंगी, उतरली. वाक्य शुद्ध आहे.

नीलिमाला म्हणालो, "तुझ्या शिवणक्लासवाल्या बाईंचीही बॅटरी उतरते."

तिने आधी माझ्याकडे पाहिले, मग फोनकडे. "हो," म्हणाली. "रोज उतरते बिचारी."

२३ जानेवारी, शुक्रवार

कोणते अ‍ॅप किती बॅटरी खाते हे फोन स्वतः दाखवतो, असे कळले. पाहिले. व्हिडिओ कॉल, सत्तर टक्के. मी कुणालाही व्हिडिओ कॉल करत नाही. आलेल्या-गेलेल्या कॉलची यादी पाहिली, ती कोरी. तेव्हा अपडेटने बॅटरीही बिघडवली आणि हिशेबही.

मीटर खोटे बोलू लागला की त्याचा एकही आकडा धरायचा नसतो.

२६ जानेवारी, सोमवार

वाचनालय बंद. बॅटरी संध्याकाळपर्यंत शाबूत. सरकारी सुट्टीलाही दोष दिसत नाही. रविवारच्या निष्कर्षाला पुष्टी मिळाली.

२८ जानेवारी, बुधवार

नीलिमाला सांगितले, उद्यापासून दुपारी फोन बंद करून माझ्याबरोबर नेणार. यंत्राला विश्रांती हवी.

"नको," ती म्हणाली.

"का?"

"घरात फोन असलेला बरा."

"तुझा आहे की."

"तो काय कामाचा?"

तिचा फोन गेली नऊ वर्षे कामाचा होता.

२९ जानेवारी, गुरुवार

फोन बंद करून खिशात ठेवला. सहाला घरी येऊन सुरू केला. पंच्याण्णव. प्रयोग यशस्वी.

सुरू करताच तीन मेसेज आले. पहिला: "आई, काय झालं?" दुसरा: "ती एकटी होती." तिसरा रोजचा, "उतरली." तिन्ही शिवण क्लास १. पहिला बाईंनी चुकून इकडे पाठवलेला दिसतो. दुसऱ्याचा अर्थ, आज क्लासला एकच विद्यार्थिनी आली असावी.

नीलिमाला वाचून दाखवले. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि बाल्कनीत गेली. परत आली तेव्हा डोळे लाल होते. कांदा चिरत होते म्हणाली. बाल्कनीत कांदे नसतात.

जेवण झाल्यावर म्हणाली, "दुपारी बंद ठेवायचा तर फोन हवा कशाला? दुरुस्त करून आणा. पण सकाळी जा. दुपारी तो घरात हवा."

"दुपारी काय आहे?"

"मला पाककृती बघायच्या असतात."

३१ जानेवारी, शनिवार

फोन दोन दिवस घरीच ठेवला. काल अठरा, आज वीस. नीलिमा पुन्हा स्वतःशी बोलू लागली आहे. बरी दिसते.

सोमवारी उल्हासनगरला जाईन. कॅम्प दोनमध्ये भूपेश नावाच्या माणसाचे दुकान आहे, अनंताने सांगितले.

२ फेब्रुवारी, सोमवार

आजचे सविस्तर लिहितो. ज्या क्रमाने झाले त्या क्रमाने.

भूपेशच्या दुकानात साडेअकराला पोहोचलो. दुकान म्हणजे एक काउंटर, दोन स्टुले. भूपेश सिंधी, चाळिशीचा, कपाळावर भिंग चढवलेले. मी त्याला फोनचा सगळा इतिहास सांगितला. त्याने मान डोलावली.

"अंकल, अपडेट के बाद सगळ्यांचं असंच आहे. बॅटरी टाका नवीन."

"जुने सॉफ्टवेअर परत घालता येईल का?"

"गेलेला अपडेट परत नाही होत. साडी थोडी आहे, बदलून मिळायला?"

बॅटरी दुसऱ्या दुकानातून यायची होती. 'आत्ता आली' असे तो दर अर्ध्या तासाने म्हणत होता. मध्येच त्याने दाल-पकवान मागवले आणि मला अर्धे दिले. नको म्हटले तरी दिले.

अडीचला नीलिमाचा फोन आला.

"निघालात का?"

"बॅटरी अजून यायची आहे."

"मग राहू द्या. असेच या."

"एवढा वेळ थांबलो आहे."

ती म्हणाली, "आता निघालात तरी तीनपर्यंत पोचणार नाही."

"तीनला काय आहे?"

"काही नाही," म्हणाली आणि फोन ठेवला.

तीनला बॅटरी आली. काच सुटावी म्हणून भूपेशने फोन गरम पाटीवर ठेवायला घेतला, तेवढ्यात तो वाजला. व्हिडिओ कॉल. शिवण क्लास २.

"घ्या अंकल," भूपेश म्हणाला. "नंतर उघडतो."

मी हिरवे बटण दाबले. आधी छताचा पंखा दिसला, मग एक कपाळ, मग वेणीची लाल रिबीन.

"आजी, आज व्हॅनवाल्या काकांनी ना—"

ती थांबली. सात वर्षांची असेल. मागे पाहिली तेव्हा तिला 'र' म्हणता येत नव्हता. हनुवटी चैत्रालीची आहे.

"तुम्ही आजोबा ना?"

"हो."

"फोटोत मिशी आहे."

"काढली."

"आजी कुठेय?"

"घरी."

"आणि फोन?"

"माझ्याकडे."

तिने विचार केला. "मग तुम्ही चालू ठेवा."

"काय?"

"हा फोन. आई गाडीतून उतरेपर्यंत. बोलायचं नसतं. नुसतं चालू ठेवायचं. मी अभ्यास करते."

तिने तिकडचा फोन कशाला तरी टेकवला. टेबल दिसले, पाण्याची बाटली, मागे बंद दार आणि दाराची साखळी. घरात दुसरे कुणी नव्हते.

"रोज एकटी असतेस?"

"एकटी नाही. आजी असते," ती म्हणाली. "आधी काशीमावशी असायची, शेजारची. ती नाताळात गावाला गेली ती आलीच नाही. मग शाळा सुरू झाल्यावर आजी."

"शाळा कधी सुरू झाली?"

"सोमवारी. पाच तारखेला."

पाच जानेवारीला सकाळी फोनने अपडेट घेतला होता. एकाच दिवशी दोन गोष्टी झाल्या आणि मी एकीचीच नोंद केली.

भूपेश भिंग वर सरकवून पाहत होता. "अंकल," तो म्हणाला, "मिळाला तुमचा अपडेट."

बॅटरी एकेचाळीस होती. त्याच्याकडे चार्जर मागितला. वायर आखूड होती. मी स्टूल काउंटरला चिकटवून बसलो आणि फोन हातात धरला. गिऱ्हाईक आले की भूपेश म्हणे, "अंकल, थोडा सरको," आणि मी वायरीच्या लांबीइतका सरकत असे.

"हे घर कुठे आहे?" मी विचारले.

तिने फोन उचलून खिडकीला लावला. स्टेशनचा पूल आणि पिवळी पाटी. वांगणी. आमच्या बदलापूरच्या पुढचे स्टेशन.

ती बेरजा करू लागली. मध्येच मान वर करून मी आहे का ते पाही. आहे असे दिसले की पुन्हा खाली. थोड्या वेळाने म्हणाली, "आजी काय करते ते सांगते. तुम्ही पण सांगा."

"समोरचा माणूस एका फोनची काच उचलतो आहे."

"मग?"

"आता आत ब्रश फिरवतो आहे. धूळ काढतो आहे."

"मोहरी नाही?"

"इथे मोहरी नाही."

तिला ते पटले. मग म्हणाली, "कांगारूच्या पिशवीचं तोंड आवळता येतं. तुम्हाला माहितीये?"

"हो."

"आजीने सांगितलं. आजीला सगळं माहितीये."

चारच्या सुमारास तिच्याकडे दुसरा फोन येऊ लागला. "आईचा आहे. थांबा हं. कट नका करू." पडदा गोठला, पेन्सिल हवेत राहिली. मी तसाच धरून बसलो. भूपेशही हात थांबवून बसला होता.

ती परत आली. "आई विचारते, आजोबा रागावलेत का?"

मी वायर नीट केली.

"काय सांगू?"

"सांग, बॅटरी बघतो आहे."

पुन्हा पडदा गोठला. पुन्हा सुरू झाला.

"सांगितलं. आई नाक ओढत होती. तिला सर्दी आहे."

त्यानंतर तिने एक चित्र रंगवले, डबा खाल्ला. काही वेळ टेबलावर डोके ठेवून पडली. मला वाटले झोपली, आणि मी फोन दुसऱ्या हातात घेतला तर डोळे न उघडता म्हणाली, "हलवू नका."

पावणेसहाला पडद्याच्या वरच्या कडेला मेसेज आला. शिवण क्लास १. "उतरली."

"तुझी आई उतरली," मी म्हणालो.

"मेसेज आला?"

"हो. तिने उतरली लिहिले आहे. उतरले असे हवे."

"माहितीये," ती वही आवरत म्हणाली. "आई म्हणते, आजोबा असते तर म्हणाले असते, उतरले."

दहा मिनिटांनी घंटी वाजली. ती उठली. "कोण?" असे तिने दारातून विचारले, आवाज ओळखला, साखळी काढली. दार उघडताना मी फोन बंद केला.

भूपेशने विचारले, "बॅटरी परत पाठवू?"

"पाठवा."

"आणि अपडेट?"

"राहू द्या."

घरी आलो तेव्हा नीलिमा दारात उभी होती. "बदलली?"

"नाही. बॅटरी चांगली आहे. दोष अपडेटचाच."

"असेल," ती म्हणाली.

मी तिला काही सांगितले नाही. इतके दिवस तिने सांभाळले आहे, तिचे तिला राहू द्यावे. चैत्रालीही आईजवळ बोलेल असे वाटत नाही. नीलिमाला काही कळलेले दिसले नाही.

जेवणात अळूवडी होती. बाजारातून अळू आणायचा, शिरा काढायच्या, पीठ लावायचे, उकडायचे, तळायचे. दुपारी तिला काही काम नसावे.

४ फेब्रुवारी, बुधवार

अडीचला निघण्याआधी फोन शंभरपर्यंत भरला आणि मसाल्याच्या डब्याशेजारी ठेवला. नीलिमा म्हणाली, "इथे?"

"वेळ बघायला बरा," मी म्हणालो.

वाचनालयात अनंताने विचारले, "बॅटरी कशी हाय?"

"उतरते."

"मंग?"

"उतरू दे."

त्याने जाहिरातींचे पान खाली घेऊन माझ्याकडे पाहिले. "साहेब, तब्येत बरी हाय ना?"

७ फेब्रुवारी, शनिवार

ओट्याजवळ नवा प्लग पॉइंट बसवला. मी स्वतःच बसवला, हात अजून चालतो. मिक्सरच्या पॉइंटपासून वीतभर डावीकडे, डब्याला टेकवलेल्या फोनपर्यंत वायर सैल पोचेल इतक्या उंचीवर.

नीलिमा भिंतीची धूळ पुसत होती. "हा कशासाठी?"

"मिक्सरसाठी."

"मिक्सरला आहे की."

"मग दुसऱ्या कशासाठी तरी."

ती वळून भिंत पुसू लागली. पुसून झाली होती तरी पुसत होती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज सहाच्या आधी परत आलो. फोन हातात असतानाच मेसेज आला. "उतरली."

मी लिहिले, "उतरले."

वांगणी स्टेशनपासून घर दहा मिनिटांवर आहे, राजसीने सांगितले होते. दहा मिनिटे गेली. मग आले, "उतरले बाबा."

नीलिमाला दाखवले नाही. ती मागेच उभी होती, पण चष्म्याशिवाय तिला दिसत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

फोनने पुन्हा अपडेट मागितला. त्यात लिहिले होते, बॅटरी अधिक काळ टिकेल. तीनच्या आत संपायला हवा म्हणून सकाळी अकराला घेतला आणि वर्तुळ थांबेपर्यंत समोर बसून राहिलो. नीलिमा दोनदा येऊन पाहून गेली. पावणेबाराला झाला.

संध्याकाळी एकवीस. फरक नाही. पडायचे कारण नव्हते.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. सकाळी पावणेअकराला मेसेज आला. शिवण क्लास १.

"उतरलो."

प्रथम वाटले, पुन्हा चूक. रविवारी तिला ऑफिस नसते, उतरायचे कुठे? मग शब्द पाहिला. उतरलो. हे पुल्लिंगी एकवचन असते, किंवा अनेकवचन. चैत्राली पुल्लिंगी लिहिणार नाही. म्हणजे अनेकवचन. म्हणजे दोघी.

आणि वांगणीहून गाडीत बसले तर पुढचे स्टेशन हेच.

स्वयंपाकघरात गेलो. परातीत साबुदाणा मोकळा करून ठेवला होता. दोघांच्या उपासाला लागतो त्याच्या दुप्पट. साबुदाणा आदल्या रात्री भिजवावा लागतो.

"तुला माहीत होते," मी म्हणालो.

"काय?" नीलिमा म्हणाली. ती दाण्याचे कूट करत होती. मिक्सर जुन्या पॉइंटवर लावला होता.

मी शर्ट बदलला आणि खाली फाटकाशी जाऊन उभा राहिलो. स्टेशनकडून रिक्षा आली. राजसी आधी उतरली, तिने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मागे वळून सांगितले, "खरंच मिशी नाहीये."

चैत्राली उतरली. बारीक झाली आहे. हातात एकच पिशवी, बेलाची पाने वर आलेली.

"बाबा," ती म्हणाली. "मेसेज मिळाला?"

"मिळाला. बरोबर लिहिला होता."

ती हसली की काय ते नीट दिसले नाही, मी पिशवी घ्यायला वाकलो होतो.

खिचडी झाली. राजसीने ओट्याजवळ स्टूल ओढून फोन ठेवायची जागा पाहिली, नवा पॉइंट पाहिला. तिथे उभे राहून आपले घर कुठे दिसते ते तिने आजीला विचारले. चैत्राली बाल्कनीत कपडे वाळत घालायच्या दोरीपाशी उभी होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती म्हणाली, "समोर केवढ्या इमारती झाल्या." मी म्हणालो, "हे अनंताचे शेत होते." एवढेच बोललो.

सहाला त्या निघाल्या. मी स्टेशनपर्यंत गेलो. घरी आल्यावर थोड्या वेळात मेसेज आला, "उतरलो." मी लिहिले, "उद्या तीनला मी घरी आहे." वाचनालय सकाळीही उघडे असते.

फोन दिवसभर ओट्यावर होता. आत्ता पाहिले. नव्वद. रविवारी ती उतरत नाही.

मत: फोनमध्ये दोष नाही.